मागची सीट आणि करवसुली

मोटारींबद्दल लिहिणारे लोक इंजिनावर लिहितात, मायलेजवर लिहितात, अगदी हॉर्नवरही लिहितात. मागच्या सीटवर मात्र कुणी लिहीत नाही. ती आपली असते. पोरं तिच्यावर उड्या मारतात, सासूबाई तिच्यावर पेंगतात, आणि फटीत चुरमुरे सापडतात. पण गेले काही शनिवार-रविवार मी याच सीटच्या मागे लागलोय. निमित्त साधंच. आमच्या टीममधल्या एका पोराने भाड्याचं घर बदलताना टेम्पोचे पैसे वाचवले. छोट्या हॅचबॅकची मागची सीट काढून बाल्कनीत ठेवली, चार खेपा केल्या आणि सोमवारी ऑफिसात येऊन असा काही आव आणला की जणू चाकाचाच शोध लावलाय. मी म्हटलं, बाळा, ही आयडिया तुझ्या पणजोबांच्या वेळची आहे. मग म्हटलं, नेमकी कधीची ते एकदा बघूया तरी.

तर सुरुवातीची गंमत अशी, की आधी मोटार होती आणि मागची सीट नंतर आली. १९०३ साली फोर्ड कंपनीने आपली पहिली गाडी विकायला काढली. 'मॉडेल ए' हे तिचं नाव. (पुढे १९२७ साली याच नावाची दुसरी गाडी आली, ती वेगळी.) ही पहिली ए मुळात दोघांची. मागे आणखी दोघं बसवायची असतील तर साधारण १०० डॉलर जास्त मोजायचे, मग मागे एक डबा बसवून मिळायचा. त्याला 'टोनो' म्हणत आणि तो काढता यायचा. म्हणजे मागची सीट हे आमच्या भाषेत प्लग-इन होतं. हवं तर लावा, नको तर उतरवून ठेवा. पुढे अमेरिकेत फिरत्या विक्रेत्यांसाठी 'बिझनेस कूप' नावाचा प्रकार निघाला. बाहेरून झकास मोटार, आत मागे सीटच नाही. नमुन्याच्या पेट्या ठेवायला मोकळी जागा. १९३०-४०च्या दशकांत फोर्ड, शेव्हरले, प्लिमथ सगळ्यांनी ती विकली. माल विकणाऱ्या माणसाला लोक सोबत नको होते, पेट्या हव्या होत्या. हिशेब साधा.

पण सीट काढणं हा ज्या गाडीच्या डिझाइनचाच भाग होता, तिच्यासाठी फ्रान्सला जावं लागतं.

१९३०च्या दशकाच्या मध्यावर सिट्रॉएन कंपनीचे पिएर-ज्यूल बुलांजे यांनी आपल्या इंजिनियरांपुढे एक मागणी ठेवली. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांनी भिंतीवर लावून ठेवावं असं ते रिक्वायरमेंट डॉक्युमेंट आहे. लाकडी बुटातले दोन शेतकरी, सोबत ५० किलो बटाटे, ताशी ६० किलोमीटर वेग, १०० किलोमीटरला ३ लिटर पेट्रोल. आणि नांगरलेल्या शेतातून गेली तरी टोपलीतली अंडी फुटता कामा नयेत. बघा, यात 'चार दरवाजे' नाही, 'आकर्षक रूप' नाही, 'आधुनिक तंत्रज्ञान' तर नाहीच नाही. बटाटे आहेत, अंडी आहेत. क्लायंटने काय हवं ते सांगितलं, कसं करायचं ते सांगितलं नाही. आमच्या धंद्यात असा क्लायंट मिळाला तर मी त्याच्या घरी सत्यनारायण घालीन!

मधे दुसरं महायुद्ध आलं आणि गाडी लोकांसमोर यायला ऑक्टोबर १९४८चं पॅरिसचं प्रदर्शन उजाडलं. हीच ती 'टू सीव्ही', फ्रेंच उच्चार 'दू शव्हो'. पत्रकारांनी तिची टिंगल केली आणि गिऱ्हाइकांनी वर्षानुवर्षांची रांग लावली. तिच्या सीटा म्हणजे नळीच्या सांगाड्यावर रबरी पट्ट्यांनी ताणलेलं कापड, आपल्याकडच्या बाजेची फ्रेंच मावसबहीण म्हणा ना. वजनाला हलक्या आणि सहज निघणाऱ्या. रविवारी काढून गवतावर मांडल्या की सहलीचा सोफा, सोमवारी घरी ठेवल्या की गाडीत पोत्यांना जागा. छप्पर कापडाचं, पार मागपर्यंत गुंडाळता येणारं, त्यामुळे कपाटासारखी उंच वस्तूसुद्धा उभी नेता यायची. १९५१ साली कंपनीने हिचीच बंद डब्याची मालगाडी काढली, २५० किलो माल नेणारी. १९६१ साली रेनोने 'रेनो ४' आणली. सपाट तळ, मागे वर उघडणारा मोठा दरवाजा, आणि दुमडणारी, काढता येणारी मागची सीट. ती ८० लाखांवर खपली. आज कुठल्याही हॅचबॅकची मागची सीट आपण दुमडतो, त्या सवयीत या गाडीचा वाटा मोठा आहे.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगून टाकतो. सीट काढली म्हणजे तिच्याएवढी जागा मिळाली असं वाटतं, तसं नसतं. बऱ्याच छोट्या गाड्यांमध्ये पेट्रोलची टाकी मागच्या सीटच्या खालीच असते, म्हणजे तिथला पत्रा वर आलेला. त्याच्या पुढे पाय ठेवायचा खड्डा. बैठक काढून टाकली की हातात येतो तो चढउतारांचा डोंगराळ प्रदेश, आणि त्यावर प्लायवूडची फळी टाकल्याशिवाय खोका सरळ बसत नाही. शिवाय मागच्या सीटची पाठ एक मोठं काम गुपचूप करत असते. करकचून ब्रेक दाबला की डिकीतला माल पुढे येतो, त्याला ती अडवते. ती काढलीत की माल आणि तुमच्या मानेच्या मधे फक्त पुढच्या सीटची पाठ उरते. म्हणून कारखान्यातूनच बिनसीटीच्या निघणाऱ्या गाड्यांमध्ये बहुधा सपाट तळ आणि चालकामागे आडवी जाळी किंवा पत्रा देतात. आमच्या टीममधल्या शास्त्रज्ञाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पण सर, वॉशिंग मशीन मी दोरीने बांधलं होतं." बरं बाबा.

इथवर गोष्ट शेतकऱ्याची आणि बटाट्यांची होती. आता सरकार येतं.

ब्रिटनमध्ये १९४० साली 'पर्चेस टॅक्स' आला. युद्धाचा काळ, चैनीच्या वस्तूंवर कर. मोटारीवर तो लागायचा, धंद्याच्या व्हॅनवर नाही. आता व्हॅन कशाला म्हणायचं? ढोबळ मानाने, जिच्या चालकामागे बाजूच्या खिडक्या नाहीत आणि सीट नाही ती. झालं. ऑगस्ट १९५९ मध्ये मिनी आली तेव्हा करासकट किंमत ४९७ पौंडांच्या आसपास होती. १९६० साली तिचीच व्हॅन आली, साधारण ३६० पौंडांना. तेच इंजिन, तीच पुढची दोन चाकं ओढणारी रचना, उलट चेसिस थोडं लांबच. फक्त खिडक्यांच्या जागी पत्रा आणि सीटच्या जागी रिकामी फळी. तरुण जोडप्यांनी, विद्यार्थ्यांनी, बँडवाल्या पोरांनी ती भराभर घेतली. माल कसला डोंबलाचा! मागे गाद्या टाकून मित्र बसायचे. व्हॅनमध्ये नंतर बसवायच्या सीटांची किट मिळायची. पण बाजूला खिडकी कापलीत तर गाडी पुन्हा 'मोटार' व्हायची आणि कर भरावा लागायचा. म्हणजे काचेवर कर होता म्हणा ना. हा प्रकार एप्रिल १९७३ मध्ये पर्चेस टॅक्स जाऊन व्हॅट येईपर्यंत चालला.

फ्रान्समध्ये तर हा खेळ अजून रंगात आहे. तिथे कंपनीने साधी प्रवासी मोटार घेतली तर तिच्यावरचा व्हॅट परत मिळत नाही, दोन सीटांची मालवाहू घेतली तर मिळतो. म्हणून रेनो क्लिओसारख्या अगदी घरगुती गाड्यांची 'सोसिएते' आवृत्ती निघाली. खिडक्या सगळ्या जागच्या जागी, मागे सीट तेवढी गायब. आणि वापरून झाल्यावर पुन्हा सीट बसवून घरगुती करून विकता यावी म्हणून त्याचंही किट!

पण या सगळ्यांवर कडी केली जपानने, आणि त्या गोष्टीचं एक टोक आपल्या अंगणात येतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९७८ साली ओसामू सुझुकी कंपनीचे अध्यक्ष झाले. दिवस वाईट होते. प्रदूषणाचे नवे नियम आले होते आणि सुझुकीची दोन-स्ट्रोक इंजिनं त्यांत नीट बसत नव्हती. जपानमध्ये 'केई' नावाचा छोट्या गाड्यांचा वर्ग आहे. त्यात इंजिन तेव्हा ५५० सीसीपर्यंत, लांबी-रुंदीवर मर्यादा, आणि बदल्यात सवलती. या वर्गाची विक्रीही मंदावलेली. ओसामूंच्या लक्षात आलं की लोक प्रवासी मोटार म्हणून घेतात खरी, पण आत बहुतेक वेळा एक किंवा दोनच जण असतात. मग मागच्या सीटसाठी एवढं कशाला मोजायचं?

कारण मोजावं लागत होतं ते सरकारला. केई वर्गातल्या प्रवासी मोटारीवर १५.५ टक्के वस्तुकर होता. मालवाहू गाडीवर शून्य. आणि मालवाहू ठरायची अट अशी, की मागच्या बसण्याच्या जागेपेक्षा सामानाची जागा मोठी हवी. सीट असू नये अशी अट नव्हती, ती लहान असावी एवढंच. यावर सुझुकीने काय केलं? मोटारीसारखी दिसणारी, मोटारीसारखी चालणारी गाडी बनवली, आणि मागची सीट इतकी आखडती, इतकी ताठ पाठीची ठेवली की कागदोपत्री ती सामानाच्या जागेत उरलेली एक तडजोड ठरावी. मे १९७९ मध्ये ती बाजारात आली. नाव 'अल्टो'. किंमत साऱ्या जपानात एकच, ४ लाख ७० हजार येन. तोपर्यंत गावागणिक वाहतूक खर्चाप्रमाणे किंमत बदलायची, तेही बंद. (जपानीत 'अरुतो' म्हणजे 'असली तर'. 'असली तर सोयीची' असा शब्दखेळ खुद्द ओसामूंनी गाडी सादर करताना केला होता. मार्केटिंगवाले असे विनोद करतात आणि वर ते खपतातही.)

अल्टो तुफान चालली. विशेषतः बायकांनी ती घेतली, घरातली दुसरी गाडी म्हणून. बाजारहाटाला, पोरांना शाळेत सोडायला. कागदावर मात्र ती मालगाडी! नंबरप्लेटवरचा वर्गाचा आकडाही मालवाहूचाच. बाकीच्या कंपन्याही मग धावल्या, आणि थोड्याच वर्षांत केई वर्गात या नकली मालगाड्यांचीच चलती झाली.

सरकार काही झोपलं नव्हतं. १९८१ साली त्यांनी असल्या चार सीटांच्या मालगाड्यांवरही ५.५ टक्के कर बसवला. दोन सीटांवर मात्र नाही. सुझुकीचं उत्तर तयारच होतं. मागची सीट काढूनच टाकली आणि दोन सीटांची अल्टो विकायला ठेवली. इतर कंपन्यांनीही तेच केलं. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण यात दोन्ही बाजू हुशार आहेत आणि दोघांनाही एकमेकांची पुढची चाल माहीत आहे. एकाने पॅच टाकायचा, दुसऱ्याने वर्कअराउंड काढायचा. फरक एवढाच की इथे व्हेरिएबल म्हणजे एक खरीखुरी सीट होती, आणि ती गेली की एका खऱ्याखुऱ्या पोराला मागे बसायला जागा उरत नव्हती. १९८९ साली वस्तुकर रद्द होऊन उपभोग कर आला, आणि मागची सीट जपानी घरांत सन्मानाने परतली.

आता आपलं टोक. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८००ची किल्ली दिली, ती गाडी याच पहिल्या अल्टोच्या खानदानातली. आपल्याकडे आली ती प्रवासी बहीण, चार दारांची, ७९६ सीसी चार-स्ट्रोक इंजिनाची. कर चुकवायला जन्मलेल्या घराण्यातली मुलगी आपल्याकडे मध्यमवर्गाची लक्ष्मी झाली. ओसामूंना आपण २००७ साली पद्मभूषण दिलं, डिसेंबर २०२४ मध्ये ते गेले आणि २०२५ साली मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. त्यांच्यावर लिहिताना जो तो मारुती ८००बद्दल लिहितो, त्या आखडत्या सीटची आठवण कुणी काढत नाही.

पण सीट काढण्याच्या बाबतीत आपली खरी नायिका ८०० नव्हे, तिच्या मागोमाग १९८४ साली आलेली मारुती व्हॅन, म्हणजे पुढची ओम्नी. तेच ७९६ सीसीचं इंजिन, पण पुढच्या सीटांच्या खाली घातलेलं. म्हणजे चालकाच्या मागे पार शेवटपर्यंत सपाट तळ, बाजूला सरकता दरवाजा. सीटा काढल्या की एक चाकावरची खोली! शववाहिका, शाळेची गाडी, भाजीची गाडी, केटररची गाडी, सगळं एकाच डब्यात.

सांगली जिल्ह्यात माझ्या मामांची बेकरी होती. खारी, टोस्ट, नानकटाई. हा माल वजनाला काहीच नाही, पण जागा खातो प्रचंड. मामांनी नव्वदच्या दशकात जुनी ओम्नी घेतली आणि घेतल्याच्या आठवड्यात मागचे दोन्ही बाक काढले. एक बेकरीसमोर गिऱ्हाइकांना बसायला ठेवला, तो पुढे आठ-दहा वर्षं गावातल्या म्हाताऱ्यांचा अड्डा झाला. दुसरा ताडपत्रीत गुंडाळून माळ्यावर. गाडी रोज पहाटे चारला निघायची आणि पंधरा-वीस गावं करून यायची. नाक्यावर एकदा हवालदाराने आरसी बुक बघून विचारलं, "इथं पाच शिटा लिवल्यात, मागच्या कुठं हायत?" मामा म्हणाले, "धुवायला काढल्यात साहेब." पावती फाटलीच.

घरात मात्र वेगळा हिशेब चालू होता. मामी दरवर्षी भाऊबीजेला माहेरी जायची, एसटीने, दोन बदल्या घेऊन. दिवाळी म्हणजे बेकरीचा हंगाम, त्यात सीटा चढवून गाडी अडकवणं परवडायचं नाही. दारात गाडी आणि बाई एसटी स्टँडवर. मी लहानपणी एकदा तिला विचारलं होतं, तुला राग नाही येत का गं? ती म्हणाली, "गाडी खारीची आहे रे, आपली कुठं?" ती हसत म्हणाली होती, पण पुढच्या वर्षी मामांनी भाऊबीजेच्या आदल्या रात्री दुकान बंद केल्यावर माळ्यावरचा बाक खाली काढला. आम्ही पोरांनी बॅटरी धरली, मामांनी पान्याने बोल्ट आवळले. मामी माहेरी ओम्नीतून गेली, अंगाला तुपाचा आणि मैद्याचा वास घेऊन. त्यानंतर ते दरवर्षीचंच झालं. बुलांजेसाहेबांच्या कागदावर दोन शेतकरी होते. त्यांच्या घरच्यांनी कुठे बसायचं ते त्यात मला काही दिसत नाही.

कायद्याचं विचाराल तर, मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२व्या कलमानुसार नोंदणीत लिहिलेल्या आणि उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी फारकत घेणारा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. शिवाय कलम २मधली 'मालवाहू वाहना'ची व्याख्या मोठी गमतीची आहे. मालासाठी बनवलेली गाडी तर त्यात येतेच, पण मालासाठी न बनवलेली गाडीही माल नेताना त्यात येते. म्हणजे आपल्याकडे गाडी काय आहे हे तिच्या रूपावरून ठरत नाही, त्या क्षणी तिच्यात काय आहे त्यावरूनही ठरू शकतं. जपान्यांनी सीट मोजली, इंग्रजांनी खिडकी मोजली, आपण पोतं मोजतो! आणि आपल्याकडे कर शेपटीही कापतो बरं का. २००६ साली चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना अबकारीत सवलत मिळाली, आणि २००८ साली टाटांनी इंडिगोची डिकी आखडून 'सीएस' काढली. त्यानंतर त्या बुटक्या शेपटीच्या सेडानांची रांगच लागली.

मामांच्या ओम्नीला निवृत्त केलं ते टाटा एसने. मे २००५ मध्ये ती आली. पुण्यात बनलेली, दोन सिलिंडरची डिझेल. लोकांनी नाव ठेवलं 'छोटा हाथी'. पहिल्यापासूनच मालगाडी असल्याने सीट काढायची भानगडच नाही, आणि पिवळी नंबरप्लेट असल्याने नाक्यावर धुलाईचं कारण सांगायला नको. मामेभावाने २००८ साली घेतली. ओम्नीत दोन्ही बाक परत बसवले आणि ती घरची गाडी झाली. बेकरीसमोरच्या म्हाताऱ्यांनी काही दिवस कुरकुर केली म्हणे. ओम्नीचं उत्पादन २०१९ साली थांबलं. आज तिची जागा घेणाऱ्या ईकोची दोन सीटांची कार्गो आवृत्ती थेट कारखान्यातून मिळते.

जपानमध्ये अल्टोची मालवाहू आवृत्ती २०२१ अखेरीस नवी पिढी आली तेव्हा बंद झाली. पण ऑगस्ट २०२२ मध्ये सुझुकीने 'स्पेसिया बेस' नावाची केई गाडी आणली. बाहेरून घरगुती, नोंदणी मालवाहूची, मागची सीट परत तशीच नावापुरती. तिच्या मागे एक फळी येते, ती वेगवेगळ्या उंचीवर लावता येते. वर लावली की लॅपटॉप ठेवायचं टेबल, खाली लावली की झोपायची जागा. खासगी केई प्रवासी गाडीला वर्षाचा कर १०,८०० येन आहे आणि मालवाहूला ५,०००. पण मालवाहूची पहिली सरकारी तपासणी तीनऐवजी दोन वर्षांनी करावी लागते, त्यामुळे पूर्वीसारखा घसघशीत फायदा काही राहिलेला नाही. तरी लोक घेतात. डोंगरात नेऊन उभी करतात, मागचा दरवाजा उघडतात आणि त्या फळीवर बसून कोड लिहितात.